ओसरीवरून : मस्कतचे पाहुणे येताहेत, हातात काय द्यायचं?

प्रश्न : माई, माझा मुलगा नऊ वर्षं मस्कतला नोकरीला आहे. पहिल्याच वर्षी त्याला टायफॉइड झाला, तेव्हा ऑफिसातल्या एका ओमानी साहेबांनी त्याला उचलून स्वतःच्या घरी नेलं आणि पंधरा दिवस घरच्यासारखं सांभाळलं. ते साहेब आणि त्यांच्या पत्नी मे महिन्यात चार दिवस आमच्याकडे राहायला येताहेत. मला अरबी येत नाही, इंग्रजी जेमतेम. ते आल्या आल्या हातात काय द्यायचं यावरूनच घरात वाद सुरू झालाय. मुलगा फोनवर सांगतो, थंड पेयाच्या बाटल्या आणून ठेव. सासूबाई (वय 81) म्हणतात, कोकमच द्या. पण त्याच पुढे म्हणतात, 'त्यांच्यासाठी कप मात्र वेगळे आणा.' यात मला काहीतरी खटकतं, पण त्यांच्याशी बोलायचं कसं ते सुचत नाही.
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, बाटल्या आणू नका. त्या मस्कतला कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात. सासूबाईंचं पहिलं म्हणणं अगदी बरोबर आहे. दुसऱ्याबद्दल मला सविस्तर लिहायचंय, ते पुढे लिहिते.

पाहुण्यापुढे कोकम ठेवायला आपण का बिचकतो, याचा मी पुष्कळ विचार केलाय. माझ्या परड्यात रातांब्याची, म्हणजे कोकमाची, अकरा झाडं आहेत. त्यातली चार नर, म्हणजे त्यांना फळ धरतच नाही. एकही झाड कुणी लावलेलं नाही. पऱ्ह्याच्या कडेला, गडग्याच्या सांदीत आपोआप रुजलेली. विकत आणलेलं नाही, कुणी शिंपलेलं नाही, मग ते भारी कसं असेल, असं आपल्या मनात बसलंय. शेतावरच्या गड्यांना कोकम आणि शहरातून आलेल्या जावयाला बाटली, हे मी माझ्या सासरीही पाहिलं. 2016 साली सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ही चीज या मातीची आहे असं सरकारदरबारी लिहिलं गेलं. आपल्या ओटीवर मात्र ते अजून पुरतं पोचलेलं नाही.

तुमच्या पाहुण्यांना कोकमाची चव परकी वाटेल अशी भीती असेल तर ती सोडा. ओमानमध्ये घरोघरी 'लूमी' असते. लिंबं मिठाच्या पाण्यात उकळायची आणि उन्हात वाळवायची. वाळून काळी, हलकी, खडखडीत होतात. ती रश्श्यात टाकतात, नुसत्या पाण्यात उकळून चहासारखीही पितात. आता आपलं आमसूल आठवा. रातांब्याची सालं मिठात आणि त्याच्याच रसात घोळवायची, वाळवायची, पुन्हा रसात, पुन्हा उन्हात. त्यांनी लिंबाचं केलं, आपण रातांब्याचं. दोघांनाही पुढच्या महिन्यांसाठी आंबट साठवून ठेवायचं होतं आणि दोघांकडेही मीठ आणि ऊन मुबलक. एका ताटलीत आमसुलं काढून त्या बाईंच्या पुढ्यात ठेवा. त्या हातात घेऊन वास घेतील, आणि बहुतेक लूमीचं नाव त्याच काढतील.

नारळाचंही तसंच. ओमानच्या दक्षिण टोकाला सलाला आहे. जून ते सप्टेंबर आपलाच नैऋत्य मोसमी वारा तिथल्या डोंगरांना भिजवतो, सगळं हिरवं होतं, आणि रस्त्याच्या कडेला शहाळी-केळ्यांच्या टपऱ्या लागतात. त्या दिवसांना ते 'खरीफ' म्हणतात. पीकपाहणीत आपण भात कोणत्या हंगामाचं लिहितो? खरीप. तोच शब्द. तुम्ही लिहिलंत की अरबी येत नाही. मोसम, हवा, साहेब, सरबत, ही सगळी तिकडूनच फिरत फिरत आपल्याकडे आली. सरबताचा पेला पुढे करून नुसतं 'सरबत' म्हणा, बघा काय होतं ते.

आता करायचं काय. मे म्हणजे ताज्या रातांब्यांचे दिवस. पाहुणे आले की पहिला पेला ताज्या सरबताचा द्या. पाच-सहा पिकले रातांबे फोडून बिया काढायच्या, सालं आणि गर हाताने कुस्करायचा, साखर, चिमूटभर मीठ, भाजलेल्या जिऱ्याची पूड, माठातलं पाणी, आणि गाळून घ्यायचं. बर्फ टाकू नका, रंग आणि चव दोन्ही फिकी पडतात. ॲल्युमिनियमचं किंवा बिनकल्हईचं पितळी भांडं वापरू नका, आंबटाने कळकतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंनाच रातांबे फोडायला सोबत घ्या. बोटं लाल होतात आणि दोन दिवस तशीच राहतात. एकत्र बसून हात रंगले की भाषा येत नाही म्हणून फारसं अडत नाही.

जाताना द्यायला अमृत कोकम आजच घालायला घ्या, कारण त्याला ऊन लागतं. माझं माप एक किलो सालींना दोन किलो साखर. काचेच्या बरणीत सालींचा थर, साखरेचा थर, वर दादरा बांधून आठवडाभर उन्हात. रोज एकदा लाकडी पळीने ढवळायचं. साखर पूर्ण विरघळली की गाळून जिरेपूड आणि थोडं मीठ. पाणी औषधालाही लागू द्यायचं नाही.

सोलकढी जेवणाबरोबर, पहिल्या दिवशी नको. एका नारळाचं दाट आणि मग पातळ दूध काढा, त्यात चार-पाच चमचे आगळ, म्हणजे रातांब्याचा मीठ घातलेला रस. आगळात मीठ असतंच, म्हणून चाखल्याशिवाय वरून मीठ घालू नका. लसूण-मिरची वाटून घातलेली कढी एका भांड्यात आणि साधी दुसऱ्या भांड्यात ठेवा. कच्च्या लसणाची सवय नसलेल्या माणसाला पहिल्याच घोटाला ठसका लागला तर तो पुन्हा पेल्याला हात लावत नाही. गॅसवर चढवायची नाही, फुटते. आणि मेच्या उकाड्यात सकाळची कढी संध्याकाळपर्यंत ठेवायची नाही.

हे झालं आपण द्यायचं. पण ताई, नुसतं देत राहिलात तर चार दिवसांनी ते पाहुणे म्हणून आले तसे पाहुणे म्हणूनच परत जातील. तुमच्या पत्रात ते काय पितात याबद्दल एक अक्षर नाही. ते बहुधा त्यांच्या कॉफीची पूड बरोबर आणतील. तिला ते कहवा म्हणतात. त्यांना तुमचा गॅस आणि एक पातेलं द्या, वेलदोड्यांचा डबा पुढे करा आणि बाजूला उभ्या राहा. बिया हलक्या भाजलेल्या असतात, म्हणून रंग आपल्या कॉफीसारखा काळपट नसतो, पिवळसर तपकिरी असतो. दूध नाही, साखर नाही. गोडाला बरोबर खजूर. बिनकानाच्या छोट्या कपाला फिंजान म्हणतात आणि तो जेमतेम पावच भरतात. कमी दिलं असं वाटून घेऊ नका. कप पुन्हा पुन्हा भरता यावा, पाहुण्याने बसून राहावं, म्हणून तो पाव असतो. कप उजव्या हाताने घ्यायचा. निदान एक घ्यावा, तीनच्या वर जाऊ नये अशी रीत. पुरे झालं की कप हातातच थोडा हलवायचा. न हलवता पुढे धरलात तर वाढणारा भरतच राहतो. ही कॉफी वाढायची रीत 2015 साली युनेस्कोने जगाच्या वारशात घेतली. ओमान, सौदी, अमिराती आणि कतार, चौघांनी मिळून ती मांडली होती.

कप हलवायचा हे मला ज्यांनी शिकवलं त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय सासूबाईंच्या कपांकडे वळता येणार नाही.

माझं माहेर दाभोळ खाडीच्या काठचं. बहामनी काळात अरबी घोडे उतरायचे ते हे बंदर. आमच्या घरामागे मोहल्ला. तिथल्या एक खाला माझ्या आईच्या मैत्रीण होत्या. खरोखरच्या मैत्रीण, दर आठवड्याला येणाऱ्या, आईच्या बाळंतपणात रात्रभर जागलेल्या. आई त्यांना कोकम द्यायची. पण पडवीच्या कोनाड्यात एक काचेचा पेला पालथा घातलेला असायचा, त्यातून. पिऊन झालं की खाला स्वतः उठायच्या, न्हाणीजवळच्या दोणीवर पेला विसळायच्या आणि कोनाड्यात परत पालथा घालायच्या. मी आठ-नऊ वर्षांची असताना आईला विचारलं, हा पेला आत का येत नाही? आई म्हणाली, 'असंच असतं.' आई दुष्ट नव्हती. म्हणूनच ती आठवण मला जास्त बोचते.

पुढे खाला नवऱ्याबरोबर कुवेतला गेल्या. ऑगस्ट 1990 मध्ये इराकने कुवेत घेतलं, तेव्हा लाखाच्या वर भारतीय जॉर्डनमधल्या अम्मानमार्गे एअर इंडियाच्या विमानांनी परत आले, त्यात त्याही होत्या. घरदार तिकडेच राहिलं. हातात एक पिशवी, आणि त्या पिशवीत कपड्यांत गुंडाळलेली पितळेची कॉफीची किटली आणि तीन फिंजान. मी त्यांना भेटायला गेले. त्यांनी कहवा केला. आधी स्वतः एक घोट चाखला, मग मला दिला, त्यांच्याच तीन कपांतला एक. मी प्यायले की त्या भरायच्या. तिसऱ्या खेपेला त्यांनी माझं मनगट धरून हलवलं आणि म्हणाल्या, 'असं हलव, म्हणजे पुरे.' मी कप घेऊन विसळायला उठले. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. 'बस गं. पाहुणीने कप विसळायचा नसतो.'

एवढंच म्हणाल्या. त्यांच्या मनात काही होतं की नव्हतं ते मी कधी विचारलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे मात्र कोनाड्यातला पेला उभा राहिला, आणि तो अजून हललेला नाही. त्या वेळी आई हयात होती. घरी येऊन मी तो पेला कोनाड्यातून काढला आणि आतल्या फडताळात बाकीच्या पेल्यांत ठेवला. आईने पाहिलं, बोलली काही नाही. पुढच्या आठवड्यात खाला आल्या तेव्हा आईने स्वतः आतून दोन पेले भरून आणले, आणि दोघी ओटीवर बसून प्यायल्या. चाळीस वर्षांनी.

तुमच्या सासूबाईंना हे वाचून दाखवा. त्यांच्यावर रागावून नको, त्यांच्या शेजारी बसून. त्या ज्या काळात वाढल्या त्याच काळात माझी आई वाढली. आणि हा प्रश्न नुसता परदेशी पाहुण्यांचा नाही, हेही त्यांना सांगा. तुमच्याकडून महाड काही फार लांब नाही. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर हजारो माणसांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्यायले. सार्वजनिक तळ्यातलं पाणी पिण्यासाठी आपल्याच कोकणात माणसांना मोर्चा काढावा लागला, आणि त्याबद्दल मारही खावा लागला. पेला कुणाचा, पाणी कुणाचं, हे ज्या मातीत एवढं मोठं झालं, तिथे वेगळे कप ही साधी गोष्ट राहत नाही. नारळ पाडायला येणारा, गवत कापायला येणारी, यांचे कप तुमच्याकडे कुठे असतात तेही एकदा पाहा. मला पत्रात कळवू नका, नुसतं पाहा.

सासूबाईंना नवे कप आणायचे असतील तर अवश्य आणू देत. पाहुण्यांच्या मानाचे म्हणून आणा, आठ आणा, आणि त्या आठांतून सासूबाईंसकट सगळे प्या. कोकमाचा पहिला पेला सासूबाईंच्या हातून जाऊ दे, आणि कहव्याचा पहिला कप त्यांनी घेऊ दे. खजूर मऊ बघून आणा, त्यांच्या दातांना सोसतील असे.

प्रश्न : आमच्या शेजारी पूर्वी बेने इस्रायल कुटुंब राहत होतं. ते इस्रायलला गेले, त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. त्यांची नात पहिल्यांदाच गाव बघायला येतेय. माझी आई सांगते, लहानपणी शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या घरी काळ्या मनुकांचं सरबत मिळायचं. मी ते करून ठेवलं तर त्यांच्या धर्मात लुडबुड केल्यासारखं होईल का?
— एक वाचक, रेवदंडा

उत्तर : सरबत करायला हरकत नाही. ते धर्मविधी म्हणून पुढे ठेवू नका, म्हणजे झालं. शब्बाथ, म्हणजे यहुदींचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला सुरू होतो आणि त्या वेळी द्राक्षाच्या रसावर आशीर्वाद म्हणतात, त्याला किद्दुश म्हणतात. इतर ठिकाणचे यहुदी त्यासाठी द्राक्षाची दारू घेतात. कोकणातल्या गावांत त्यांच्या नियमांत बसणारी दारू कुठून मिळणार? म्हणून आपल्या इथल्या बेने इस्रायलांनी मनुका भिजवून त्याचं सरबत केलं. आशीर्वाद झाला की घरातल्या प्रत्येकाला त्यातलं थोडं मिळायचं. तुमच्या आईलाही मिळायचं, हे वाचून मला फार बरं वाटलं. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज इथे आले असं ही मंडळी सांगतात. त्यांनी घाणे चालवले, तेल गाळलं, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटलं. मराठी त्यांची घरची भाषा. तिकडे गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढलं.

पाव किलो काळ्या मनुका धुऊन एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी त्याच पाण्यात चांगल्या कुस्करा आणि पातळ फडक्यातून पिळून गाळा. साखर लागत नाही. त्याच दिवशी संपवा, दुसऱ्या दिवशी ते आंबायला लागतं.

त्या मुलीला आधी विचारा की तिच्या घरी खाण्यापिण्याचे नियम किती पाळतात. काही घरांत भांड्यांचंही काटेकोर असतं. तसं असेल तर मनुका, पाणी आणि नवं कोरं भांडं तिच्या स्वाधीन करा, ती करेल. इथे भांडं वेगळं ठेवायचं आहे, पण ते तिच्या म्हणण्याने आणि तिच्या मानासाठी, हे वरच्या उत्तरानंतर मुद्दाम लिहावंसं वाटलं. आणि आईला तिच्याजवळ बसवा. त्या मुलीच्या आजीचं स्वयंपाकघर कुठे होतं, चूल कुठल्या भिंतीला होती, सरबत कोणत्या भांड्यातून मिळायचं, हे सांगू शकणारं गावात आता तुमच्या आईशिवाय कोण उरलंय? रेवदंड्याचं सिनेगॉग दाखवायला न्यालच. तिथे जाताना तरी आईची पावलं बघून चाला, घाई करू नका.

प्रश्न : मी शिकायला जर्मनीला चाललेय. तिथल्या मैत्रिणींना कोकमाचं काहीतरी करून घालायचंय. आगळाची बाटली नेऊ का? नारळाचं काय करू?
— एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

उत्तर : बाटली नको. हातातल्या सामानात 100 मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ नेता येत नाही, आणि खालच्या बॅगेत ती फुटली तर सगळे कपडे लाल होतील. आमसुलं ने, यंदाची, मऊ, दोन पिशव्यांत घट्ट बांधून. सोलकढीच्या मागे लागू नकोस, तिवळ कर. आठ-दहा आमसुलं दोन भांडी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची, चोळून गाळायची, मीठ, साखर, जिरेपूड, किंचित हिंग, मिरचीचे दोन तुकडे आणि कोथिंबीर. नारळ लागत नाही. थंडीच्या दिवसांत ते थोडं गरम करूनही छान लागतं, आणि यात नारळाचं दूध नसल्यामुळे फुटायची भीती नाही.

तुझ्याबरोबर तिकडे कुणी मंगळूरकडची मुलगी असेल तर तिला 'पुनर्पुळी' विचार, तुळूत कोकमाला तेच नाव. गोव्याची असेल तर 'भिरंड' म्हण. केरळची मुलगी कुडमपुळी दाखवेल. ती याच कुळातली पण वेगळ्या झाडाची, धुरावर सुकवलेली, माशाच्या कालवणासाठी. ती सरबतात घालू नकोस, पण तिच्या हातचं कालवण जरूर खा. आणि जर्मन मैत्रिणी त्यांच्या आजीच्या हातचं काय पितात ते विचारून मला लिही.

हिंग वेगळ्या डबीत ने, झाकणाला चिकटपट्टी लावून. आमसुलांच्या पिशवीत मुळीच टाकू नकोस.